वेस्ट व्हर्जिनिया आणि २०२१ चे चाइल्ड टॅक्स क्रेडिट : एक प्रकरण अभ्यास

१५ जुलै २०२१ पासून अमेरिकेतील बहुतांश पालकांच्या बँक खात्यांत दर महिन्याला संघीय सरकारकडून चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलांमागे मिळणारी करसवलत, म्हणून एक रक्कम जमा होऊ लागली. सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे ३०० डॉलर आणि सहा ते सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलामागे २५० डॉलर अशी ती रक्कम होती. असे सहा हप्ते झाले. शेवटचा हप्ता १५ डिसेंबरला पडला आणि त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, १९ डिसेंबरला, वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅटिक सिनेटर जो मॅन्चिन यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत जाहीर केले की ही योजना पुढे चालू ठेवणाऱ्या विधेयकाला आपण मत देऊ शकत नाही. सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे बळ पन्नास-पन्नास असल्याने डेमोक्रॅटिक पक्षाला आपले एकही मत गमावणे परवडणारे नव्हते, त्यामुळे विधेयक तिथेच अडकले. ज्या राज्याच्या प्रतिनिधीमुळे ही योजना थांबली, त्याच राज्यातील कुटुंबांना तिची गरज देशातील इतर बहुतेक राज्यांपेक्षा अधिक होती. या विसंगतीमागे करकायद्यातील कोणत्या तरतुदी आणि राज्याच्या अर्थकारणातील कोणती रचना आहे, हे तपासणे हा या लेखाचा विषय आहे.

राज्य

२०२० च्या जनगणनेनुसार वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या १७,९३,७१६ होती. २०१० ते २०२० या दशकात टक्केवारीने सर्वाधिक लोकसंख्या गमावलेले राज्य हेच, आणि त्यापायी त्याची प्रतिनिधीगृहातील एक जागाही गेली. आता तिथे त्याचे दोनच सदस्य आहेत. कोळशाच्या खाणींवर उभे राहिलेले आणि खाणींतील रोजगाराबरोबर खचलेले हे राज्य आहे. दक्षिणेकडील मॅकडॉवेल काउंटीत १९५० साली जवळपास एक लाख लोक राहत होते, २०२० साली तिथे १९ हजारांच्या थोडे वर लोक उरले होते. त्या काउंटीतील वॉलमार्ट २०१६ साली बंद झाले तेव्हा नोकऱ्या तर गेल्याच, पण किराणा आणि ताजी भाजी घेण्यासाठी लोकांना डोंगराळ रस्त्याने बरेच लांब जावे लागू लागले.

संघीय मदतीशी या राज्याचे नाते जुने आहे. १९६० च्या प्राथमिक निवडणुकीच्या प्रचारात जॉन केनेडी यांनी इथले दारिद्र्य जवळून पाहिले. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी काढलेला पहिलाच कार्यकारी आदेश गरिबांच्या शिध्यात वाढ करण्याचा होता आणि मे १९६१ मध्ये सुरू झालेल्या फूड स्टॅम्पच्या (गरिबांना अन्नखरेदीसाठी कुपने देण्याच्या) प्रायोगिक योजनेतील देशातले पहिले कुपन मॅकडॉवेल काउंटीतील एका पंधरा माणसांच्या कुटुंबाला मिळाले. आज त्याच योजनेचे नाव स्नॅप आहे आणि राज्यातील साधारण सहापैकी एक माणूस तिच्यावर अवलंबून आहे. मेडिकेड या आरोग्य योजनेत आणि तिच्याशी जोडलेल्या मुलांच्या विमा योजनेत मिळून पाच लाखांच्या आसपास लोक आहेत. बालदारिद्र्याचे अधिकृत प्रमाण इथे वर्षानुवर्षे राष्ट्रीय सरासरीच्या वरच राहिलेले आहे.

पंधरा टक्क्यांचे सूत्र

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या विवरणपत्रात चाइल्ड टॅक्स क्रेडिटची ओळ दरवर्षी असते. उत्पन्न चांगले असल्याने त्यांना ही रक्कम पूर्ण मिळते आणि तिच्यामागील सूत्राकडे बघण्याची वेळ सहसा येत नाही. सूत्राचा अडथळा खालच्या उत्पन्नगटालाच लागतो, म्हणून ते आधी समजून घ्यावे लागेल.

टॅक्स क्रेडिट देय करातून थेट वजा होते. ज्याचा देय करच शून्य आहे, त्याला वजा करण्यासाठी काहीच नसते. अशा कुटुंबाला क्रेडिटचा काही भाग रोख परताव्याच्या रूपात मिळतो, पण त्याला दोन अटी आहेत. २०१७ च्या कायद्यानुसार क्रेडिट प्रत्येक मुलामागे २,००० डॉलर ठरले. त्यातील रोख मिळू शकणारा भाग १,४०० डॉलरपर्यंतच (पुढे महागाईनुसार वाढता) राखला गेला आणि तोही वर्षाच्या मिळकतीपैकी २,५०० डॉलरच्या वरच्या रकमेच्या पंधरा टक्के एवढाच मिळेल असे ठरले. मिळकत म्हणजे इथे फक्त श्रमाची कमाई. निवृत्तिवेतन, अपंगत्व भत्ता, बेरोजगारी भत्ता यांपैकी काहीही त्यात धरले जात नाही. वरच्या बाजूला मात्र हे क्रेडिट वार्षिक चार लाख डॉलर कमावणाऱ्या दांपत्यालाही पूर्ण मिळत होते.

कोलंबिया विद्यापीठातील दारिद्र्य व सामाजिक धोरण केंद्राच्या अभ्यासानुसार या रचनेत देशातील सुमारे एकतृतीयांश मुले पूर्ण क्रेडिटला मुकत होती, आणि तीही पालकांचे उत्पन्न कमी असल्यामुळे. मुलांसाठी म्हणून असलेली देशातील सर्वांत मोठी करसवलत सर्वांत गरीब मुलांपर्यंत सर्वांत कमी पोहोचत होती.

मार्च २०२१ मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन या कायद्याने केवळ त्या एका वर्षापुरते तीन बदल केले. रक्कम सहा वर्षांखालील मुलासाठी ३,६०० आणि त्यावरील मुलासाठी ३,००० डॉलर झाली. सतरा वर्षांची मुलेही योजनेत आली. आणि मिळकतीची अट पूर्णपणे काढून टाकली गेली, म्हणजे शून्य कमाईच्या घरालाही पूर्ण रक्कम. चर्चा पहिल्या बदलाची सर्वाधिक झाली. वेस्ट व्हर्जिनियासारख्या राज्यासाठी तिसरा बदल त्याहून कितीतरी मोठा होता, असे माझे मत आहे आणि पुढील हिशेब त्यासाठीच मांडला आहे.

एका घराचा हिशेब

उदाहरणादाखल चार आणि नऊ वर्षांच्या दोन मुलांची एकटी आई धरू. राज्याचे किमान वेतन २०१६ पासून ताशी ८.७५ डॉलर आहे. आठवड्याला साधारण २६ तास काम मिळाले, तर तिची वर्षाची कमाई १२,००० डॉलरच्या घरात जाते. देय आयकर शून्य.

जुन्या सूत्रानुसार १२,००० मधून २,५०० वजा केले की ९,५०० उरतात, आणि त्यांचे पंधरा टक्के होतात १,४२५ डॉलर. ही दोन्ही मुलांची मिळून रक्कम आहे. मुले दोन असोत की तीन, सूत्रात मुलांची संख्या येतच नाही, त्यामुळे या कमाईवर तिसरे मूल असते तरी आकडा तोच राहिला असता. २०२१ साली याच घराला ६,६०० डॉलर मिळाले असते. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ३,३००, जुलै ते डिसेंबर दरमहा ५५० प्रमाणे आणि उरलेले निम्मे २०२२ च्या वसंतात विवरणपत्र भरल्यावर. कमावत्या कुटुंबांसाठी असलेले दुसरे मोठे क्रेडिट, ज्याला अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट म्हणतात, दोन मुलांच्या घराला या पातळीवर कमाईच्या चाळीस टक्के, म्हणजे ४,८०० डॉलर देते आणि ते दोन्ही परिस्थितींत सारखेच राहते. कमाई आणि दोन्ही क्रेडिट यांची बेरीज जुन्या नियमाने १८,२२५ होते, २०२१ च्या नियमाने २३,४००. तीन माणसांच्या कुटुंबासाठी त्या वर्षीची संघीय दारिद्र्य मार्गदर्शक मर्यादा २१,९६० डॉलर होती. ही तुलना ढोबळ आहे, कारण पगारातून कापला जाणारा सामाजिक सुरक्षा कर आणि फूड स्टॅम्पसारखी मदत यात धरलेली नाही, पण ५,१७५ डॉलरचा फरक कशामुळे पडतो ते यातून स्पष्ट होते.

रकमेइतकेच महत्त्व ती कधी मिळते यालाही आहे. करपरतावा फेब्रुवारी-मार्चमध्ये एकरकमी येतो. जुने देणे, थकलेले वीजबिल, बंद पडलेली गाडी असे सारे त्याची वाट पाहत थांबलेले असते. विवरणपत्र भरून देणारे दुकानदार त्यातून आपले शुल्क कापून घेतात. दरमहा येणारे ५५० डॉलर मात्र त्याच महिन्याच्या भाड्याला आणि किराण्याला लागले. जनगणना विभागाच्या त्या काळातील घरगुती पाहण्यांत अल्प उत्पन्नाच्या घरांनी हा पैसा प्रामुख्याने अन्न, कपडे, भाडे, वीज-पाणी आणि शाळेच्या खर्चाकडे वळवल्याचे दिसले.

आजी-आजोबांची घरे

अफूजन्य वेदनाशामकांच्या आणि पुढे हेरॉइन व फेंटानिलच्या साथीने वेस्ट व्हर्जिनियातील एक पिढी अर्धी मोडून टाकली. आई किंवा वडील व्यसनात, तुरुंगात किंवा मृत, आणि मुले आजी-आजोबांकडे, अशी घरे इथे विरळा नाहीत. त्या आजीचे उत्पन्न म्हणजे सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन. ते श्रमाची कमाई ठरत नाही. म्हणून दोन नातवंडे सांभाळणाऱ्या या घराचे चाइल्ड टॅक्स क्रेडिट जुन्या सूत्राने १,४२५ सुद्धा नव्हते, शून्य होते, आणि अर्न्ड इन्कम क्रेडिटही शून्यच. २०२१ साली नातवंडांच्या वयानुसार तिला ६,००० ते ७,२०० डॉलर मिळण्याचा हक्क निर्माण झाला.

हक्क निर्माण झाला, पैसा मात्र आपोआप आला नाही. करविभागाने हप्ते २०२० किंवा २०१९ च्या विवरणपत्रांवरून, किंवा कोविड साथकाळातील मदतीसाठी नोंदवलेल्या माहितीवरून पाठवले. आजी विवरणपत्र भरतच नव्हती, कारण तिला कर लागू नव्हता. जिथे मुले दरम्यान एका घरातून दुसऱ्या घरात गेली होती, तिथे हप्ते आईच्या खात्यात पडत राहिले आणि मूल आजीकडे जेवत राहिले. कायद्याने यावर उपाय ठेवला होता : वर्षातील निम्म्याहून अधिक काळ मूल ज्याच्याकडे राहिले त्याला २०२२ मध्ये पूर्ण क्रेडिट मागता येत होते, आणि अल्प उत्पन्नाच्या पालकाने चुकून घेतलेल्या रकमेपैकी प्रत्येक मुलामागे २,००० डॉलरपर्यंतची वसुली माफ होती. पण त्यासाठी मूल आपल्याकडे राहते याचे कागद हवे होते, आणि नातवंडे न्यायालयाच्या आदेशाशिवाय, घरच्या घरी आजीकडे आलेली असतील तर असे कागद सहसा नसतात. डोंगराळ भागातील अपुऱ्या इंटरनेटमुळे ऑनलाइन नोंदणी आणखी अवघड झाली. करविभागामार्फत गरिबांना मदत पोहोचवण्याचा खर्च कमी असतो हे खरे. मात्र जे घर कधीच त्या विभागाच्या नोंदीत आले नाही, ते मदतीच्या वेळीही नोंदीबाहेरच राहते.

परिणाम आणि मतभेद

जनगणना विभागाच्या पूरक दारिद्र्य मापनात, ज्यात कर, क्रेडिट आणि वस्तुरूप मदत धरली जाते, देशातील बालदारिद्र्य २०२० मधील ९.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आले. त्या वर्षी चाइल्ड टॅक्स क्रेडिटने ५३ लाख लोकांना दारिद्र्यरेषेच्या वर आणल्याचे विभागाने नोंदवले, त्यांपैकी २९ लाख मुले होती. २०२२ मध्ये तेच प्रमाण १२.४ टक्के आणि २०२३ मध्ये १३.७ टक्के झाले. कोलंबियातील केंद्राने मासिक मापनाने काढलेला आकडा डिसेंबर २०२१ मध्ये १२.१ टक्के होता, तो हप्ते थांबल्यावर लगेच जानेवारीत १७ टक्क्यांवर गेला. ३७ लाख मुले एका महिन्यात पुन्हा रेषेखाली. या सगळ्याचे श्रेय किंवा दोष एकट्या या क्रेडिटला देता येणार नाही, कारण २०२१ मध्ये साथकाळातील थेट मदतीचे धनादेश आणि वाढीव फूड स्टॅम्प हेही चालू होते आणि २०२२ मध्ये महागाईने उसळी घेतली. तरी जानेवारीची उडी इतकी नेमकी हप्त्यांच्या तारखेशी जुळते की तिचे दुसरे कारण शोधणे कठीण आहे.

मॅन्चिन यांचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नव्हते. महागाई आणि राष्ट्रीय कर्ज ही त्यांची जाहीर कारणे होती, आणि मदत घेणाऱ्याने काम केले पाहिजे ही अट त्यांना हवी होती. विनाअट मदतीने काही पालक काम सोडतील असा अंदाज काही अर्थतज्ज्ञांनीही वर्तवला होता. सहा महिन्यांच्या आकडेवारीत त्याचा ठळक पुरावा सापडला नाही, पण तात्पुरती आणि कायमची मदत यांना लोक सारखाच प्रतिसाद देतील असे मानणेही धाडसाचे ठरेल.

कामाच्या अटीविषयी मात्र हिशेब वेगळे सांगतो. वर्षभर, आठवड्याला पूर्ण चाळीस तास, राज्याच्या किमान वेतनावर राबणाऱ्या आईची कमाई १८,२०० डॉलर होते. जुन्या सूत्राने तिला दोन मुलांमागे २,३५५ डॉलर मिळतात. पूर्ण क्रेडिट ४,००० होते. जी पूर्णवेळ काम करते तिलाही पूर्ण क्रेडिट न देणाऱ्या सूत्राला कामाची अट म्हणणे अपुरे आहे, ती प्रत्यक्षात वेतनाच्या पातळीची अट ठरते. हा मुद्दा त्या डिसेंबरमध्ये वेस्ट व्हर्जिनियात जेवढ्या ठळकपणे मांडला जायला हवा होता, तेवढा मांडला गेला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३५७ विरुद्ध ७० अशा मोठ्या बहुमताने एक मधला मार्ग मंजूर केला. त्यात २,५०० ची पायरी कायम होती, पण पंधरा टक्क्यांना मुलांच्या संख्येने गुणायचे होते. आपल्या उदाहरणातील आईला त्याने १,४२५ ऐवजी २,८५० डॉलर दिले असते. १ ऑगस्ट २०२४ रोजी ते विधेयक सिनेटमध्ये अडले.

राज्याच्या हातातील साधने

संघीय क्रेडिट आटल्यावर काही राज्यांनी स्वतःचे क्रेडिट उभे केले. वेस्ट व्हर्जिनियात अर्न्ड इन्कम क्रेडिटही राज्यपातळीवर नाही आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिटही नाही. राज्याने २०२३ साली आयकराचा कमाल दर ६.५ वरून ५.१२ टक्क्यांवर आणला आणि पुढे तो ४.८२ टक्के झाला. ज्या घराला आयकर लागूच नाही त्याला दरकपातीचा उपयोग नाही. २०२४ च्या विशेष अधिवेशनात पाळणाघराच्या खर्चासाठी संघीय क्रेडिटच्या निम्म्याएवढे राज्य क्रेडिट मंजूर झाले, पण तेही रोख परत न मिळणारे आहे, म्हणजे देय कर नसलेल्या घरासाठी कागदावरचे. रोख मदतीची संघीय योजना १९९६ पासून देशभरासाठी सुमारे १६.५ अब्ज डॉलरच्या त्याच ठोक अनुदानावर थांबलेली आहे आणि महागाईने तिचे मोल आटत गेले आहे.

राज्याचा अर्थसंकल्प ज्यावर उभा आहे ती गोष्ट वेगळी आहे. मेडिकेडच्या नेहमीच्या खर्चात संघीय सरकार इथे सुमारे ७४ टक्के वाटा उचलते, कारण दरडोई उत्पन्न जितके कमी तितका हा वाटा जास्त असे सूत्र आहे. २०१४ पासून समाविष्ट केलेल्या प्रौढांसाठी तो ९० टक्के आहे. राज्याने आपला एक डॉलर वाचवला, तर वॉशिंग्टनकडून येणारे जवळपास तीन डॉलर जातात, आणि ते रुग्णालयांतून, औषधाच्या दुकानांतून, परिचारिकांच्या पगारातून जातात. फूड स्टॅम्पची रक्कम तर आजवर पूर्णपणे संघीय सरकार देत आले. कार्यालयीन खर्च फक्त निम्मा-निम्मा होता.

२०२५ चा कायदा

४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने क्रेडिट प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलर केले आणि ते कायम केले. रोख मिळू शकणारी मर्यादा २०२५ साठी १,७०० डॉलर आहे. पायरी २,५०० चीच, दर पंधरा टक्क्यांचाच. बारा हजार कमावणाऱ्या आईला त्यामुळे आजही १,४२५ डॉलर मिळतात, पूर्वीपेक्षा एक डॉलरही अधिक नाही. दोन मुलांचे पूर्ण ४,४०० डॉलर हाती येण्यासाठी एकट्या पालकाची कमाई २०२५ साली सुमारे ३३,६०० डॉलर असावी लागत होती. आजीचे शून्य शून्यच राहिले.

खर्चाच्या बाजूला बदल अधिक खोल आहेत. ऑक्टोबर २०२६ पासून फूड स्टॅम्पच्या कार्यालयीन खर्चाचा ७५ टक्के वाटा राज्याने द्यायचा आहे. ऑक्टोबर २०२७ पासून, मदतीची रक्कम ठरवताना होणाऱ्या चुकांचे प्रमाण सहा टक्क्यांच्या वर असलेल्या राज्यांना प्रत्यक्ष मदतीच्या रकमेचाही पाच, दहा किंवा पंधरा टक्के भार उचलावा लागेल. या चुकांमध्ये जादा दिलेली आणि कमी दिलेली अशी दोन्ही रक्कम मोजली जाते, आणि बदलत्या तासांवर काम करणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्न दर महिन्याला हलत असल्याने त्या होतातच. फूड स्टॅम्पसाठीच्या कामाच्या अटी आता चौदा वर्षे किंवा त्याहून मोठ्या मुलांच्या पालकांनाही लागू झाल्या आहेत. मेडिकेडमध्ये २०१४ पासून समाविष्ट केलेल्या प्रौढांना उशिरात उशिरा जानेवारी २०२७ पासून महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम उपक्रम सिद्ध करावा लागणार आहे, पालकांपैकी तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांना त्यातून सूट आहे.

या पडताळण्या करण्याचे काम राज्याच्या मानवसेवा विभागाकडे येते. आधीचा अवाढव्य आरोग्य व मानवसंसाधन विभाग जानेवारी २०२४ मध्ये तीन भागांत विभागला गेला, त्यांपैकी हा एक. कार्यालयीन खर्चातील राज्याचा वाटा वाढल्यावर कर्मचारी कमी करण्याचा मोह होईल, आणि कर्मचारी कमी झाले की चुकांचे प्रमाण वाढेल, ज्याचा दंड पुढे मदतीच्या रकमेतील वाट्याच्या रूपाने भरावा लागेल. चार्ल्सटन या राजधानीतील राज्य विधिमंडळासमोर हा प्रश्न आयकराच्या पुढील कपातीबरोबरच येणार आहे, कारण दोन्हींचा पैसा एकाच सर्वसाधारण निधीतून यायचा आहे.